वाटाड्याची चारशे तीस छायाचित्रे

दोन हजारांहून अधिक पत्रे, वृत्तपत्रे आणि मासिके मिळून ६४ लेख, ४२ व्याख्याने आणि ४३० छायाचित्रे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान कायद्याने अस्तित्वात यावे म्हणून ईनॉस मिल्स नावाच्या एका वाटाड्याने जी खटपट केली, तिचा हा हिशेब उद्यानाच्या इतिहासात नोंदलेला आहे. पत्रे, लेख आणि व्याख्याने हे कोणत्याही चळवळीचे नेहमीचे सामान असते. त्यामुळे हा हिशेब प्रथम वाचला तेव्हा माझी नजर शेवटच्या आकड्यावर अडकली आणि अजूनही ती तिथून पुरती हललेली नाही. आज माझ्या फोनमध्ये एका रविवारच्या भटकंतीची याहून जास्त छायाचित्रे असतात आणि त्यांतले एकही कोणाला काही पटवून देण्यासाठी काढलेले नसते. शंभरेक वर्षांपूर्वी मात्र डोंगरावर लोकांना नेऊन पोट भरणारा एक माणूस ४३० चित्रांच्या प्रती करून, ज्यांनी तो डोंगर कधी पाहिला नव्हता आणि बहुधा कधी पाहणारही नव्हते, अशांच्या हाती त्या पडतील याची व्यवस्था करत होता.

मी लाँगमाँटला राहते. या गावाच्या नावातच लाँग्ज शिखर आहे आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस, ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. उंची १४,२५९ फूट, माथा सपाट, आणि शेजारी मीकर नावाचे जरा बुटके शिखर. त्याच्या पूर्वेच्या पायथ्याशी मिल्सची लाकडी खोपटी अजून उभी आहे. १८७० साली कॅन्सासमधल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा लहानपणी सतत आजारी असे. चौदाव्या वर्षी तो एकटाच कोलोरॅडोत आला आणि इथल्या हवेत सुधारला. पंधराव्या वर्षी तो लाँग्ज शिखर पहिल्यांदा चढला आणि त्याच सुमारास त्याने ही खोपटी बांधायला घेतली. हिवाळ्यात माँटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत काम करायचे आणि उन्हाळ्यात डोंगराकडे परतायचे, असा त्याचा अनेक वर्षांचा क्रम होता. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर निसर्गलेखक जॉन म्यूर त्याला योगायोगाने भेटला आणि निसर्ग नुसता पाहू नकोस, त्याचा अभ्यास कर आणि त्याच्या बाजूने बोल, हे त्याने या एकोणीस वर्षांच्या पोराच्या मनावर ठसवले. आपल्या आयुष्याला वळण लागले ते त्या भेटीने, असे मिल्स पुढे नेहमी सांगत असे.

तो आयुष्यात सुमारे तीनशे वेळा लाँग्ज शिखर चढला. एकट्या ऑगस्ट १९०६ मध्ये, पर्यटकांना घेऊन, ३२ वेळा. महिन्याचे दिवस एकतीस असतात हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ज्याला आपण वाटाड्या म्हणतो त्याचे काम वाट माहीत असण्याने संपत नाही. कोणाचा श्वास कुठे लागेल, ढग कोणत्या खिंडीतून आधी वर येतील, दुपारी किती वाजता माथा सोडला नाही तर वीज गाठेल, हे त्याला पावलागणिक ठाऊक असावे लागते. १९०५ साली त्याने आठ वर्षांच्या एका मुलीला शिखरावर नेऊन सुखरूप आणले होते. शिखराच्या पायथ्याचे विश्रामगृह त्याने विकत घेतले आणि तिथे दारू, पत्ते आणि नाच यांना मनाई केली. पाहुण्यांनी सकाळी उठून फुले, पक्षी आणि झाडे पाहायला बाहेर पडावे, अशी त्याची अपेक्षा असे. असा यजमान मला एका आठवड्यापलीकडे सोसवला असता की नाही, याची शंका आहे. पण वाटाड्या म्हणून मी त्याच्या मागे डोळे मिटून चालले असते.

डोळे मिटून, हा शब्दप्रयोग सहज लिहिला गेला, पण तो त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. १९०३ नंतरचे काही हिवाळे मिल्स राज्याचा हिम-निरीक्षक म्हणून काम करत होता. उंचावर किती बर्फ साचले आहे ते मोजायचे आणि त्यावरून वसंतात मैदानातल्या शेतीला किती पाणी मिळेल याचा अंदाज द्यायचा, असे ते काम होते. तो स्नोशूज, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घालायचे रुंद जाळीदार जोडे, घालून आठवडे आठवडे एकटा फिरे. जवळ बंदूक कधीच नसे. खाण्यासाठी बऱ्याचदा फक्त मनुका असत. अशाच एका फेरीत, सुमारे बारा हजार फुटांवर, त्याचा रंगीत चष्मा हरवला आणि बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्याची दृष्टी गेली. त्यानंतर तो आंधळेपणाने उतरत राहिला. कुऱ्हाडीने झाडांवर केलेल्या खुणा त्याने बोटांनी चाचपून शोधल्या. खुणा संपल्या तेव्हा झाडांची साल, फांद्यांची दिशा आणि शेवाळ यांवरून त्याने उताराची बाजू ओळखली; ओरडून प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून दरीची रुंदी आजमावली. शेवटी अस्पेन या इथल्या झाडाच्या लाकडाच्या धुराचा वास आला, त्या वासाच्या रोखाने तो गेला आणि एका लहान मुलीने त्याला, आज रात्री इथेच राहणार का, असे विचारले.

ही हकीकत त्याने स्वतः लिहिली आहे आणि ती साहसकथा म्हणून गाजली. मला मात्र ती त्याच्या छायाचित्रांची प्रस्तावना वाटते. ज्या माणसाने डोंगर बोटांनी, नाकाने आणि कानाने वाचला आहे, तो जेव्हा कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हा त्याला कोणते झाड कुठे वळले आहे एवढेच दिसत नाही. ते कोणत्या वाऱ्याने वळले आहे, हेही दिसते. त्याच्या चित्रांत वृक्षरेषेवरची, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढतच नाहीत तिथली, झाडे वारंवार येतात: एका बाजूच्या फांद्या झडलेली, जमिनीला समांतर वाढलेली, बर्फाच्या कणांनी साल सोललेली. कोणा निष्णात छायाचित्रकाराने प्रकाशाच्या एखाद्या सुंदर क्षणी टिपावीत तशी ती नाहीत. खरे सांगायचे तर पुष्कळशी छायाचित्रे साधी, थोडी करडी आणि रचनेच्या दृष्टीने सामान्य आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला त्याच्या १९११ सालच्या पुस्तकाची एक प्रत मिळाली, तिच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर ‘लेखकाने काढलेल्या छायाचित्रांसह’ असे छापलेले आहे. त्यातली चित्रे पहिल्यांदा चाळताना मी जराशी निराशच झाले होते. दुसऱ्यांदा सावकाश पाहिली तेव्हा कळले की पुढे चाललेल्या माणसाने मागे वळून ‘हे पाहा’ म्हणावे, तशी ती आहेत. ज्याने बोट दाखवले आहे, त्याला ती जागा आधीपासून ठाऊक आहे.

कोडॅकचा हाती धरून वापरायचा कॅमेरा १८८८ साली बाजारात आला, आणि तो आला नसता तर मिल्ससारखा वाटाड्या छायाचित्रकार झालाच नसता. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्सने योसेमिटी खोऱ्याची जी छायाचित्रे काढली, ती साधारण १८ बाय २२ इंचांच्या काचांवर. कॅमेरा, काचा, रसायने आणि तंबू असे सगळे सामान खेचरांवर लादून न्यावे लागले. तीन वर्षांनी, ३० जून १८६४ रोजी, लिंकनच्या सहीने ते खोरे कॅलिफोर्निया राज्याकडे जनतेसाठी राखून ठेवण्यास सोपवले गेले. १८७१ साली भूशास्त्रज्ञ हेडनच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन यलोस्टोनला गेला, त्याची चित्रे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना दाखवली गेली आणि १ मार्च १८७२ रोजी जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. या दोन घटना इतक्या वेळा एकापाठोपाठ सांगितल्या जातात की छायाचित्राने कायदा जन्माला घातला, असेच वाटू लागते. तसे ते नसावे. यलोस्टोनच्या मागे रेल्वे कंपनीचे हितसंबंध होते, आणि त्या जमिनीचा शेतीला फारसा उपयोग नाही ही समजूतही होती. पण निर्णय ज्यांनी घ्यायचा ते दोन हजार मैलांवर बसलेले असताना, डोंगराने त्यांच्या टेबलावर हजर राहायचे तर दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

वॉटकिन्स आणि जॅक्सन हे एका मोसमापुरते आले आणि काचा घेऊन गेले. मिल्स तिथेच राहत होता. १९०७ ते १९०९ या काळात सरकारी वनखात्याचा व्याख्याता म्हणून तो देशभर हिंडला; जंगल कापले की बर्फ लवकर वितळते, पाणी एकदम वाहून जाते आणि उन्हाळ्यात नद्या आटतात, हे त्याने हिम-निरीक्षक असताना प्रत्यक्ष मोजलेले होते. १९०९ पासून त्याने सगळी शक्ती राष्ट्रीय उद्यानाच्या मागणीमागे लावली. वनखात्याशी त्याचे इथेच बिनसले. खात्याच्या दृष्टीने जंगल म्हणजे नीट वापरायची संपत्ती होती, त्यात लाकूडतोड आणि चराई दोन्ही आली. मिल्सला काही जमीन अशी हवी होती की जिच्यावर वापराचा हिशेब लागूच होणार नाही. त्याच्या शेजाऱ्यांपैकी काहींनीही संघटना काढून विरोध केला. गुरे चारणाऱ्याला, लाकूड विकणाऱ्याला किंवा खाणीची आशा धरून बसलेल्याला उद्यानाची हद्द म्हणजे आपल्या दारातले कुंपण वाटावे, यात नवल नाही. मिल्सच्या चरित्रांत या माणसांना खलनायक केलेले दिसते, ते मला पटत नाही.

हद्दीचा विषय निघाला की मला बाबांची आठवण येते. गेल्या वर्षी सप्टेंबरात ते नाशिकहून सहा आठवड्यांसाठी आले होते. आयुष्यभर त्यांनी भूकरमापक म्हणून काम केले. प्लेन टेबल आणि साखळी घेऊन उन्हातान्हात जमिनी मोजल्या, भावाभावांच्या भांडणात बांधावर उभे राहून निशाण्या दाखवल्या. निसर्गसौंदर्य हा त्यांच्या आवडीचा विषय नाही. जमीन पाहिली की ती कोणाची, किती आणि कुठवर, हे तीन प्रश्न त्यांना आपोआप पडतात. मी त्यांना मिल्सचे पुस्तक दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि पुस्तक मिटून म्हणाले, “छान आहेत. पण फोटोत हद्द दिसत नाही.”

मी हसले होते, पण नंतर उद्यानाच्या कायद्याचा इतिहास पुन्हा वाचताना ते वाक्य मला सोडेना. मिल्सने आरंभी सुचवलेले उद्यान सुमारे १,००० चौरस मैलांचे होते. १९१२ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या रॉबर्ट मार्शलने पाहणी करून सुमारे ७०० चौरस मैलांची शिफारस केली. डेन्व्हरमधले वकील जेम्स ग्राफ्टन रॉजर्स यांनी विधेयकाचे मसुद्यावर मसुदे तयार केले आणि प्रत्येक मसुद्यागणिक कुठे खाण, कुठे चराईचे रान, कुठे पाटबंधाऱ्याची जागा बाहेर निघत गेली. २६ जानेवारी १९१५ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात उरले ३५८.५ चौरस मैल, म्हणजे साधारण ९२८ चौरस किलोमीटर. छायाचित्रांनी हजार मैलांची इच्छा जागवली असेल. नकाशाने त्यातला तिसरा हिस्सा मोजून दिला. बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की मागितले त्याच्या एक तृतीयांश मिळणे हा त्यांच्या अनुभवात चांगला निकाल आहे.

फोटोत हद्द दिसत नाही, पण चौकट असते, आणि चौकटीबाहेर काय ठेवले हे तिच्यावरून सहसा कळत नाही. मिल्सच्या चित्रांतला डोंगर बहुधा निर्मनुष्य आहे. असला तर एखादा पर्यटक, त्याची खोपटी, किंवा त्याचा लाडका कॉली कुत्रा स्कॉच वृक्षरेषेवर बसलेला. हे डोंगर मात्र निर्मनुष्य नव्हते. अरापाहो आणि यूट या मूळ रहिवासी लोकांच्या कितीतरी पिढ्या इथून ये-जा करत होत्या. १८८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांना हटवून दूरच्या राखीव जमिनींवर नेलेले होते, आणि रिकाम्या केलेल्या जमिनीलाच मग मूळचे अरण्य म्हटले गेले. १९१४ च्या जुलैमध्ये, म्हणजे कायदा होण्याच्या सहाच महिने आधी, कोलोरॅडो माउंटन क्लबने वायोमिंगमधल्या राखीव क्षेत्रातून दोन अरापाहो वृद्धांना, गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज यांना, दुभाष्यासह बोलावले आणि घोड्यांवरून दोन आठवडे या डोंगरांत फिरवले. उद्देश होता जागांची जुनी नावे गोळा करण्याचा, कारण नावे असलेला प्रदेश विधेयकात अधिक भारदस्त दिसतो. त्यांनी वाटा दाखवल्या, तळ पडत त्या जागा दाखवल्या. ग्रिसवोल्ड यांनी सांगितले की त्यांचे वडील लाँग्ज शिखराच्या माथ्यावर खड्ड्यात दबा धरून गरुड पकडत. इतिहासाच्या पुस्तकांत या शिखराची पहिली चढाई १८६८ सालची, जॉन वेस्ली पॉवेलच्या तुकडीची म्हणून नोंदलेली आहे.

लाँग्ज आणि मीकर या जोडशिखरांना अरापाहो भाषेत जे नाव होते, त्याचा अर्थ ‘दोन वाटाडे’. मैदानात कित्येक दिवसांच्या अंतरावरून ती दिसत आणि त्यांच्या रोखाने चालणारा चुकत नसे. ज्याच्यावर वाटाड्याने आयुष्य काढले तो डोंगरच आधीपासून वाटाड्या होता, ही गोष्ट मला कळली तेव्हा मी खिडकीशी उभी होते आणि दोघेही समोर होते. सह्याद्रीत किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या वाडीतला जो मामा पुढे चालतो, त्याचा फोटो आपण उतरताना काढतो, कधी त्याला पाठवतो, बहुधा विसरतो. त्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा असता तर त्याने काय टिपले असते, हा प्रश्न मला त्या वेळी प्रथम पडला. मिल्सकडे कॅमेरा होता, छापखाना होता आणि इंग्रजी वाचकवर्ग होता. ग्रिसवोल्ड यांच्याकडे फक्त आठवण होती आणि तीही दुभाष्यामार्फत कागदावर उतरली.

मिल्स स्वभावाने सोपा माणूस नव्हता. विधेयक मंजूर होईपर्यंत त्याचे बहुतेक सहकाऱ्यांशी फाटलेले होते, आणि ४ सप्टेंबर १९१५ च्या उद्घाटन समारंभात ज्या उद्यानाचा जनक म्हणून त्याचा सन्मान झाला, त्याच उद्यानाच्या प्रशासनाशी चार वर्षांत त्याचे भांडण जुंपले. उद्यानात मोटारीने प्रवासी नेण्याचा मक्ता एकाच कंपनीला दिला गेला तेव्हा त्याने मुद्दाम आपली गाडी आत पाठवली. १९२२ च्या सप्टेंबरात, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, तो आपल्या खोऱ्यातच वारला. मधल्या काळात त्याने एक गोष्ट केली तिचे श्रेय त्याला पुरेसे मिळत नाही: वाटाड्याचे काम म्हणजे शिखर गाठून देणे नसून वाटेवरचे जग दाखवणे आहे, असे म्हणून त्याने निसर्ग-वाटाडे घडवायला सुरुवात केली, आणि १९१७ साली ज्यांना या कामाचा परवाना मिळाला त्या दोन बहिणी होत्या, एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल. पुढच्याच वर्षी एस्थरशी त्याचे लग्न झाले.

आता मला जे सांगायचे आहे तिथे येते. उद्यान मिळवून देणारी चित्रे बहुधा शिखरांची, सरोवरांची आणि हिमाची असणार. काँग्रेसच्या सदस्याला चिखलाचे चित्र पाठवून कोणी जमीन मागत नाही. पण मिल्सने चिखलाचीही चित्रे काढली होती. घराजवळच्या ओढ्यांवर बीव्हरांच्या, म्हणजे झाडे कुरतडून पाण्यावर बंधारे घालणाऱ्या प्राण्यांच्या, वसाहती होत्या आणि त्याने सत्तावीस वर्षे त्यांचे निरीक्षण करून १९१३ साली त्यांच्यावर एक सबंध पुस्तक लिहिले. कुरतडून टोकदार झालेले अस्पेनचे बुंधे, काड्या आणि माती रचून घातलेला बंधारा, मागे साचलेले तळे, हिवाळ्यात बर्फाखाली गेलेले बीव्हरचे घर. दिसायला ही चित्रे मुळीच मोहक नाहीत. त्याने बीव्हरला माती धरून ठेवणारा आणि पाणी अडवणारा पहिला अभियंता ठरवले होते, आणि त्या काळी बीव्हर म्हणजे टोपीसाठी कातडी देणारा प्राणी एवढीच बहुतेकांची ओळख होती.

उद्यान झाले आणि जमीन राखली गेली, पण बीव्हर राहिले नाहीत. एल्क हा मोठा हरणवर्गीय प्राणी शिकारीमुळे इथून जवळजवळ नाहीसा झाला होता, म्हणून १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून एल्क आणून सोडले गेले. लांडगे त्याआधीच संपवले गेले होते आणि उद्यानात शिकारीला बंदी आली. मग एल्क वाढले आणि हिवाळ्यातही खालच्या कुरणांत ठाण मांडून विलोची झुडपे खात राहिले. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणारी वाळुंज याच विलोच्या कुळातली. विलो हे बीव्हरचे अन्न आणि बांधकामाचे सामानही. ती खुरटली तसे बीव्हर कमी झाले, बंधारे फुटले, ओढे खोल चरांतून वाहू लागले, शेजारचे पाणथळ कुरण कोरडे पडले आणि कोरड्या जमिनीवर विलो पुन्हा रुजेना. मोरेन पार्कमध्ये १९४० च्या सुमारास बीव्हर शेकड्यांनी होते. शतक संपताना ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरले. (कोलोरॅडोत ‘पार्क’ म्हणजे बाग नव्हे, डोंगरांनी वेढलेले कुरणाचे खोरे. बाबांना हा शब्द आवडला नाही.) हे सारे घडले ते हद्दीच्या आत, कायद्याच्या पूर्ण संरक्षणाखाली.

म्हणून मला आता त्या ४३० चित्रांतली शिखरांची चित्रे कमी महत्त्वाची वाटतात. लाँग्ज शिखर उद्यान झाले नसते तरी तिथेच राहिले असते. ग्रॅनाइटला कायद्याची गरज नव्हती. गरज होती ती तळ्याला, काठावरच्या झुडपाला, चिखलातल्या पायाच्या ठशाला, आणि नेमके तेच पोस्टकार्डांवरून आणि राजकीय भाषणांतून गळाले. इथे पाणी कसे साचलेले असे, काठ किती दाट होता, हे ज्यांना आज पुन्हा उभे करायचे आहे त्यांना जुन्या करड्या छायाचित्रांतून ते वाचता येते, कारण ती काढणारा त्याच जागी वर्षानुवर्षे परत येत होता.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी मी बाबांना मोरेन पार्कला नेले. एल्कच्या माजाचा काळ होता आणि नरांची ती चमत्कारिक शीळ, आरंभी खर्जातून उठून एकदम टिपेला जाणारी, खोऱ्यात इकडून तिकडून ऐकू येत होती. रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागली होती, माणसे दाटीवाटीने उभी राहून फोन उंच धरत होती, आणि एक मोठा नर, अंगावर गवत फेकत, सगळ्यांना मनाजोगे चित्र देत होता. आम्ही तिथून पुढे चालत कुंपणापाशी गेलो. विलो वाचवण्यासाठी उद्यानाने ओढ्याकाठचे काही तुकडे माणसाहून उंच जाळीने बंद केले आहेत; खालून लहान प्राण्यांना जाता येईल एवढी फट आहे, आणि माणसांसाठी फाटक आहे. जाळीबाहेरचा विलो गुडघ्याएवढा होता आणि आतला माझ्या डोक्याच्या वर गेला होता. बाबा जाळीला हात लावून दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना हद्दीचा परिणाम हद्दीवर उभे राहून, एका नजरेत, दिसत होता.

मी फोन काढला. “थांब,” ते म्हणाले, “कुठून काढते आहेस ते आधी ठरव.” त्यांनी इकडेतिकडे पाहिले, ओढ्याच्या अलीकडे अर्धा जमिनीत रुतलेला एक धोंडा होता तो निवडला, त्याच्यापासून फाटकाच्या डाव्या खांबाकडे तोंड करून पावले मोजत आले आणि टाच जमिनीत रोवून उभे राहिले. मग खिशातली छोटी वही काढून, टिपण लिहितात तसे, एका बाजूला रेघ मारून लिहिले: धोंड्यापासून खांबाच्या रेषेत चौदा पावले, उंची छातीएवढी, वेळ सहा वाजून दहा मिनिटे. पान फाडून त्यांनी मला दिले आणि बाजूला झाले. मी त्यांच्या टाचेच्या खुणेवर उभी राहिले. मागे रस्त्यावर कोणीतरी आनंदाने ओरडले, बहुधा दोन नर भिडले असावेत. मी फोटो काढला. त्यात जाळी आहे, विलो आहे, थोडासा चिखल आहे, आणि प्रकाश फारसा चांगला नाही.